बदललेल्या नावांची चित्रकथा

लिथुआनियातल्या झारासाय गावात 1930च्या आसपास एका घरी अमेरिकेहून पार्सलं यायची. आत वर्तमानपत्रांतून काढून ठेवलेल्या चित्रमालिका असायच्या, कित्येक आठवड्यांच्या एकदम. त्या घरातला थोरला मुलगा जन्मला होता अमेरिकेतल्या सव्हाना शहरात. पण आईचं त्या परक्या मुलखात मन रमेना, म्हणून ती चारही मुलांना घेऊन आपल्या गावी परतली. बाप तिकडेच नोकरीवर राहिला आणि मुलांसाठी टपालाने ही चित्रं पाठवत राहिला. 1933 साली तो येऊन थोरल्या तिघा मुलांना न्यूयॉर्कला घेऊन गेला. आई मागेच राहिली आणि पुढे नाझींच्या कत्तलीत ती गेली, असं घरचे धरून चालले. अब्राहम जॅफी हे त्या मुलाचं जन्मनाव. जगाला तो अ‍ॅल जॅफी म्हणून माहीत झाला. ‘मॅड’ मासिकाच्या मागच्या आतल्या पानावर घडी घातली की वेगळंच चित्र दिसायचं, ती करामत त्याची. 1964 साली सुरू केलेलं ते पान तो वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षापर्यंत काढत होता.

जॅफीसारखी माणसं अमेरिकन कॉमिक्सच्या इतिहासात पानोपानी भेटतात. जेकब कुर्ट्झबर्गचा जॅक कर्बी झाला, स्टॅन्ली लीबरचा स्टॅन ली, रॉबर्ट कानचा बॉब केन. सुपरमॅन, बॅटमॅन, कॅप्टन अमेरिका, फँटॅस्टिक फोर, एक्स-मेन ही सारी मंडळी ज्यू स्थलांतरितांच्या मुलांनी जन्माला घातली किंवा त्यांच्या जन्मात मोठा वाटा उचलला. पुढे चित्रकादंबरी हा प्रकार साहित्य म्हणून उभा राहिला तोही विल आइस्नर आणि आर्ट स्पीगलमन यांच्या हातून. एका लहानशा समाजातून आलेली इतकी माणसं या एकाच धंद्यात कशी एकवटली, आणि त्यांच्या येण्याने या कलेला काय मिळालं, हे समजून घ्यायचं तर आधी ती आली कुठून हे पाहायला हवं.

शिंप्यांची मुलं

1881 साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ल्यांची लाट उसळली. तेव्हापासून 1924 सालापर्यंत पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. 1924च्या कायद्याने मग दरवाजा जवळजवळ बंदच केला. आलेल्यांपैकी असंख्य लोक न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला उतरले आणि तिथल्या कोंदट, दाटीवाटीच्या चाळींत राहिले. बहुतेकांनी तयार कपड्यांच्या कारखान्यांत काम धरलं. कर्बीचा बाप कपड्यांच्या कारखान्यात होता, स्टॅन लीचा बाप कापड बेतायचा, जो सायमन, जो शूस्टर आणि बिल फिंगर हे तिघेही शिंप्यांची मुलं. घरी यिद्दिश, रस्त्यावर इंग्रजी. त्या पोरांना नवी भाषा शिकायला रविवारच्या पुरवणीतल्या रंगीत चित्रमालिकांचा फार उपयोग झाला.

ही मुलं चित्रं काढण्यात हुशार निघाली, पण चित्रकलेच्या पैसेवाल्या जगात त्यांना जागा नव्हती. जाहिरात संस्था ज्यूंना सहसा नोकरी देत नसत. गुळगुळीत कागदावरच्या प्रतिष्ठित मासिकांचंही तेच. वर्तमानपत्रांच्या चित्रमालिकांत काही नावं चमकली होती. हॅरी हर्शफिल्डने 1914 सालीच एक ज्यू मोटारविक्रेता नायक करून ‘एबी द एजंट’ ही मालिका चालवली होती, आणि रूब गोल्डबर्ग तर घराघरात माहीत होता. तरीही नवशिक्या गरीब पोराला तिथे शिरकाव मिळणं दुर्मीळच.

त्याच वेळी एक नवा, हलका समजला जाणारा धंदा उभा राहत होता. 1933 साली कनेक्टिकटमधल्या ईस्टर्न कलर प्रिंटिंग या छापखान्याने जुन्या चित्रमालिका एकत्र करून छोट्या आकाराची पुस्तिका छापली. साबण कंपनीची कुपनं पाठवणाऱ्यांना ती फुकट मिळायची. तिथे काम करणाऱ्या मॅक्स गेन्सने, म्हणजे जन्मनावाने गिन्झबर्गने, यातली कमाई ओळखली. काही पुस्तिकांवर दहा सेंटच्या चिठ्ठ्या चिकटवून त्याने त्या वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर ठेवल्या आणि दोन दिवसांत सगळ्या खपल्या, असं सांगितलं जातं. 1934 साली ‘फेमस फनीज’ हे नियमित मासिक निघालं आणि अमेरिकन कॉमिक बुकाचा साचा ठरला.

जुन्या मालिका संपल्यावर नवा माल लागणार होता, तोही स्वस्तात. प्रकाशक होते हॅरी डोनेनफेल्ड आणि जॅक लीबोविट्झ यांच्यासारखे लोक. एकाचा जन्म रोमानियातला, दुसऱ्याचा युक्रेनमधला. डोनेनफेल्डने त्याआधी चावट मासिकं छापून पैसा केला होता आणि लीबोविट्झ हिशेब सांभाळायचा. प्रतिष्ठा जाण्याची भीती नसलेले प्रकाशक आणि इतरत्र दारं बंद असलेले चित्रकार असा मेळ जमला. या धंद्याला इज्जत नव्हती, म्हणूनच तिथे कुणी जात-धर्म विचारत नव्हतं.

एकशे तीस डॉलरची सही

क्लीव्हलंडच्या ग्लेनव्हिल भागात राहणारे जेरी सीगल आणि जो शूस्टर हे दोघे 1914 साली जन्मलेले, एकाच शाळेत शिकलेले. सीगलचे आईवडील लिथुआनियातून आले होते. वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं. 1932 साली दुकानात चोर शिरले असताना ते कोसळले आणि गेले. शूस्टर टोरांटोत जन्मलेला, दृष्टी अधू असलेला. घरात इतकी तंगी की आईच्या पीठ मळायच्या फळीवर हाताला लागेल तो कागद ठेवून तो चित्रं काढायचा.

या दोघांनी घडवलेला सुपरमॅन वर्तमानपत्रांच्या चित्रमालिका विकणाऱ्या संस्थांनी वर्षानुवर्षं नाकारला. शेवटी तो जून 1938च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात छापला गेला. तेरा पानांचे दोघांना मिळून एकशे तीस डॉलर मिळाले आणि त्या सहीबरोबर सुपरमॅनवरचे सगळे हक्क प्रकाशकाकडे गेले.

हा पहिला सुपरमॅन आज वाचला की आश्चर्य वाटतं. परग्रहावरचे राक्षस त्यात नाहीत. पहिल्याच अंकात तो निरपराध बाईची फाशी थांबवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चोप देतो आणि वॉशिंग्टनमधल्या भ्रष्ट दलालाच्या मागे लागतो. तिसऱ्या अंकात तो खाणमालकाला त्याच्याच असुरक्षित खाणीत अडकवून मजुरांचं भय चाखायला लावतो. आठव्या अंकात तो एक अख्खी गलिच्छ वस्ती पाडून टाकतो, कारण त्यामुळे सरकारला तिथे चांगली घरं बांधणं भाग पडेल. मंदीच्या काळात गरीब वस्तीत वाढलेल्या दोन पोरांना सामर्थ्य कशासाठी हवं होतं, ते इथे स्वच्छ दिसतं.

सुपरमॅनमध्ये ज्यू धर्मकथा शोधण्याचा छंद अनेक अभ्यासकांना आहे. बाळ मोझेसला टोपलीत घालून नदीत सोडलं, तसं हे बाळ यानात घालून सोडलं, हे साम्य खरंच डोळ्यांत भरतं. मला मात्र यापेक्षा साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. घर नष्ट झालेलं मूल परक्या भूमीवर येतं, तिथलं नाव घेतं, तिथल्यासारखे कपडे घालतं, चष्मा लावून कार्यालयात जातं आणि आपण मूळचे कोण हे कुणालाही कळू देत नाही. हे कळायला धर्मग्रंथ उघडावा लागत नाही. न्यूयॉर्कच्या किंवा क्लीव्हलंडच्या चाळीतल्या कुठल्याही घरात डोकावलं असतं तरी ही कथा सापडली असती.

नाझींना हे चटकन कळलं. फेब्रुवारी 1940च्या ‘लुक’ मासिकात सीगल-शूस्टरनी दोन पानांची एक कथा केली. तिच्यात सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन यांना उचलून जिनिव्हाला नेतो आणि राष्ट्रसंघापुढे उभं करतो. दोन महिन्यांत एस.एस. या नाझी संघटनेच्या ‘डास श्वार्झे कोर’ या साप्ताहिकाने सीगलच्या ज्यू असण्यावर बोट ठेवून त्याच्यावर गरळ ओकली. लेखकाने पानावर आपला धर्म कुठेही सांगितला नव्हता, तरी शत्रूने तो ओळखला.

नावं लपवणारे, नावं चोरणारे

बॅटमॅन आला मे 1939मध्ये. कथा-चित्रावर नाव एकट्या बॉब केनचं. बॅटमॅनचा काळा-करडा पोशाख, बुबुळं नसलेले पांढरे डोळे, ब्रूस वेन हे नाव, गॉथम शहर, इतकंच काय पहिलीवहिली कथासुद्धा बिल फिंगरची. केनने प्रकाशकाशी करारच असा केला होता की श्रेय एकट्याला मिळावं. फिंगर 1974 साली हलाखीत वारला. त्याचं नाव बॅटमॅनच्या निर्मात्यांत अधिकृतपणे लागायला 2015 साल उजाडलं. दोघेही ज्यू, दोघेही ब्रॉन्क्सच्या एकाच शाळेतले.

हा इतिहास लिहिताना हे झाकून चालणार नाही. या धंद्यात पिळणारे आणि पिळले जाणारे बहुधा एकाच वस्तीतून आलेले होते. समाजबांधव म्हणून कुणी कुणाचा हिशेब सोडला नाही. 1936 साली आइस्नर आणि जेरी आयगर यांनी काढलेल्या स्टुडिओत कपड्याच्या कारखान्यासारखी कामाची वाटणी होती. एकजण पेन्सिलने रेखाटणार, दुसरा शाई फिरवणार, तिसरा फुग्यांतली अक्षरं लिहिणार, चौथा मागचं दृश्य भरणार. त्यांच्या बापांनी कापणं, टाचणं, शिवणं जसं विभागून घेतलं होतं, तीच रीत कागदावर आली. पानावर कुणाचं नाव येणार आणि पैसा कुणाला मिळणार, हे मालक ठरवायचा.

सीगल आणि शूस्टर यांनी 1947 साली हक्कांसाठी दावा लावला आणि ते कामालाच मुकले. पुढे सीगल कारकुनी करत होता, शूस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. 1975 साली सुपरमॅनवरच्या मोठ्या सिनेमाची तयारी सुरू असताना नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी त्यांच्या बाजूने मोहीम उघडली. सुपरमॅनचे हक्क असलेल्या वॉर्नर कंपनीने शेवटी दोघांना वर्षाला प्रत्येकी वीस हजार डॉलर द्यायचं कबूल केलं आणि सुपरमॅनच्या पानावर निर्माते म्हणून त्यांची नावं परत आली. रॉबिन्सन स्वतः बॅटमॅनच्या सुरुवातीच्या चित्रकारांपैकी, जोकरच्या जन्माशी नाव जोडलेला.

मराठी वाचकाला या मंडळींपैकी एकाची ओळख फार आधीपासून आहे. 1964 साली टाइम्स ऑफ इंडियाने मुंबईतून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली आणि मराठीतही आणली. त्यातले वेताळ आणि मँड्रेक या दोघांचा निर्माता ली फॉक हा सेंट लुईसच्या ज्यू घरात जन्मलेला लिऑन ग्रॉस. मँड्रेक 1934चा, वेताळ म्हणजे फँटम 1936चा. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि मुखवट्याआड बुबुळं न दिसणारे डोळे वेताळाने सुपरमॅन-बॅटमॅनच्या आधी आणले. इथल्या मुलांनी सुट्टीत ज्याची पारायणं केली, त्या मुखवट्यामागच्या माणसानेही नाव बदललेलंच होतं.

एका मुखपृष्ठाचं धाडस

डिसेंबर 1940मध्ये स्टॉलवर आलेलं ‘कॅप्टन अमेरिका’च्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ नीट पाहण्यासारखं आहे. अंकावर तारीख मार्च 1941ची. मधोमध निळ्या पोशाखातला नायक, डाव्या हातात त्रिकोणी ढाल, आणि उजव्या हाताचा ठोसा थेट हिटलरच्या जबड्यावर. हिटलर मागे कलंडतोय. चहूबाजूंनी जर्मन सैनिक गोळ्या झाडताहेत, एक गोळी ढालीवर आपटून उडालीय. खाली अमेरिकेतल्या घातपाताच्या योजना आणि नकाशा पडलाय. मागच्या पडद्यावर अमेरिकेतला दारूगोळ्याचा कारखाना उडवला जाताना दिसतो. पर्ल हार्बरवर हल्ला व्हायला अजून जवळजवळ एक वर्ष होतं. अमेरिका युद्धात उतरली नव्हती आणि उतरू नये असं म्हणणारे देशात पुष्कळ होते. फेब्रुवारी 1939मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमेरिकन नाझींच्या सभेला वीस हजार लोक जमले होते.

हा अंक केला जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी. तो दहा लाखांच्या घरात खपला. मग शिवीगाळीची, धमक्यांची पत्रं यायला लागली. कार्यालयाबाहेर संशयास्पद माणसं घुटमळायला लागली तेव्हा पोलिस पहारा बसला. सायमनने लिहून ठेवलंय की महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून, शहर तुम्हाला काही होऊ देणार नाही, असा धीर दिला. ला गार्डिया यांची आई ज्यू होती.

इथेही नायक ज्यू नाही. स्टीव्ह रॉजर्स हा सैन्याने नाकारलेला किडकिडीत तरुण आणि त्याला औषध टोचून बलवान करणारा शास्त्रज्ञ प्राध्यापक राइनस्टाइन. आइन्स्टाइनशी जुळणारं ते नाव वाचकाला बरोबर कळायचं. युरोपातल्या आपल्या माणसांसाठी जे उघडपणे म्हणता येत नव्हतं, ते या दोघांनी तारे-पट्टे अंगावर घातलेल्या नायकाच्या तोंडून आणि मुठीतून म्हटलं. कर्बी पुढे खरोखरच युद्धावर गेला, नॉर्मंडीत उतरला आणि पाय गोठून जायबंदी होऊन परतला.

युद्धाच्या दिवसांत पुरुष चित्रकार सैन्यात गेले आणि त्यांच्या जागी काही बायकांना काम मिळालं. व्हिएन्नाहून जीव वाचवून आधी इंग्लंडला आणि मग न्यूयॉर्कला पोचलेली लिली रेने ही त्यांतली एक. फिक्शन हाउससाठी तिने नाझी हेरांशी झुंजणाऱ्या सेन्योरिटा रिओच्या कथा काढल्या. सही ती ‘एल. रेने’ अशी करायची, त्यामुळे वाचकांची पत्रं ‘मिस्टर रेने’ यांना यायची. नंतरची कित्येक दशकं तिचं नाव कुणाला आठवत नव्हतं. ट्रीना रॉबिन्स या चित्रकर्तीने तिला शोधून काढलं आणि 2011 साली तिच्या आयुष्यावर चित्रकथा लिहिली. रॉबिन्सही ब्रुकलिनच्या ज्यू स्थलांतरित घरातली, शिंप्याचीच मुलगी. 1970च्या दशकात बायकांनी बायकांसाठी काढलेल्या कॉमिक्सच्या आरंभकर्त्यांत ती होती.

आठ पानांत छळछावणी

युद्ध संपल्यावर छळछावण्यांविषयी अमेरिकेत, ज्यू घरांतसुद्धा, फारसं बोललं जात नव्हतं. कॉमिक्सने या मौनाला तडा दिला तो 1955 साली. मॅक्स गेन्स 1947 साली बोटीच्या अपघातात गेला आणि त्याची ईसी कॉमिक्स ही संस्था मुलगा विल्यम याच्याकडे आली. तिच्या ‘इम्पॅक्ट’ मासिकाच्या पहिल्या अंकात ‘मास्टर रेस’ ही कथा आली. चित्रकार बर्नार्ड क्रिगस्टाइन. त्याला सहा पानं दिली होती, त्याने हट्टाने आठ मिळवली.

कथा इतकीच: न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसलेल्या एका माणसाला समोरच्या प्रवाशात छळछावणीतला ओळखीचा चेहरा दिसतो. वाचकाला वाटतं हा घाबरलेला माणूस छावणीतून वाचलेला असणार. शेवटाकडे कळतं की तो छावणीचा प्रमुख अधिकारी होता. तो पळतो आणि गाडीखाली सापडतो. क्रिगस्टाइनची करामत चौकटींत आहे. एका क्षणाचे त्याने अरुंद उभ्या पट्ट्यांत तुकडे केले. धावत्या गाडीच्या खिडकीतले चेहरे एकावर एक सरकत गेल्यासारखे काढले. वेळ लांबवायची, तोडायची, थांबवायची ताकद फक्त चित्रांच्या चौकटींत आहे, हे त्या आठ पानांनी दाखवून दिलं. पुढे स्पीगलमनने या कथेचा बारकाईने अभ्यास करून लेख लिहिला.

दुर्दैवाने तोवर ईसीवर गंडांतर आलं होतं. फ्रेडरिक वर्थम हा मनोविकारतज्ज्ञ कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात असं सांगत होता. तोही जर्मनीतून आलेला, ज्यू कुळातला आणि हार्लेममध्ये गरीब काळ्या रुग्णांसाठी दवाखाना चालवणारा माणूस. 1954 साली त्याचं पुस्तक आलं, सेनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर कडक नियमावली लादून घेतली. वर्थमने आपल्या रुग्णांच्या नोंदींत फेरफार केले होते, हे 2012 साली त्याची कागदपत्रं तपासल्यावर उघड झालं. ईसीची भयकथांची मासिकं बंद पडली. वाचलं ते हार्वी कर्ट्झमनने 1952 साली सुरू केलेलं ‘मॅड’. जाहिराती, सिनेमे, पुढारी, कुणाचीही टोपी उडवायची ही त्याची रीत यिद्दिश बोलणाऱ्या गल्ल्यांतून आली होती.

1961 साली कर्बी आणि स्टॅन ली यांनी फँटॅस्टिक फोर आणले, तेव्हा सुपरहिरो पुन्हा तरारले. आता हे नायक भांडत होते, खचत होते, स्वतःची लाज बाळगत होते. त्यांतला बेन ग्रिम हा केशरी दगडांच्या अंगाचा, यान्सी स्ट्रीटवर वाढलेला दांडगा गडी. यान्सी स्ट्रीट म्हणजे कर्बीच्या बालपणीची डेलान्सी स्ट्रीट. कर्बीच्या घरी एक खासगी चित्र होतं, त्यात बेन ग्रिम ज्यू प्रार्थनेचं वस्त्र पांघरून उभा आहे. वाचकांना मात्र तो ज्यू असल्याचं 2002 सालच्या एका अंकात सांगण्यात आलं, एक्केचाळीस वर्षांनी. एक्स-मेनचा शत्रू मॅग्नेटो 1963 साली नुसता खलनायक होता. 1981 साली लेखक ख्रिस क्लेरमाँटने त्याला आउशविट्झमध्ये घरचे गमावलेला माणूस केलं आणि त्याच्या रागाला कारण मिळालं. मुखवट्यामागचा चेहरा हळूहळू दिसायला लागला होता.

मुखवटा उतरतो

तो पूर्ण उतरवला विल आइस्नरने. त्याचा बाप व्हिएन्नाकडून आलेला रंगारी, यिद्दिश नाटकांचे पडदे रंगवणारा. आइस्नरने 1940 साली ‘द स्पिरिट’ ही गुप्तहेराची मालिका वर्तमानपत्रांच्या पुरवणीत काढून मोठं नाव मिळवलं होतं. 1978 साली, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्याने ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ हे पुस्तक आणलं. जागा ब्रॉन्क्समधली काल्पनिक ड्रॉप्सी अ‍ॅव्हेन्यू, तिथली एक चाळ. कुणाला उडता येत नाही, कुणाच्या अंगावर झगा नाही.

फ्रिमे हर्श हा धार्मिक माणूस लहानपणीच एका दगडावर देवाशी करार लिहून ठेवतो: मी भलं करीन, तूही माझं भलं कर. दारात टाकलेली एक मुलगी तो पोटच्या पोरीसारखी वाढवतो. ती आजाराने मरते. तिला पुरून आलेला हर्श भर पावसात, वाकलेल्या पाठीने घरी येतो. अक्षरंसुद्धा पाण्याने निथळत असल्यासारखी काढलीत. मग तो देवाला जाब विचारतो आणि कराराचा दगड खिडकीबाहेर भिरकावतो. आइस्नरची स्वतःची मुलगी अ‍ॅलिस 1970 साली रक्ताच्या कर्करोगाने सोळाव्या वर्षी गेली होती. हे त्याने फार उशिरा, आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत लिहून ठेवलं. ‘ग्राफिक नॉव्हेल’ ही संज्ञा त्याच्या आधीही वापरात होती, पण ती लोकांच्या तोंडी रुळली या पुस्तकामुळे.

त्याच सुमारास क्लीव्हलंडमध्ये हार्वी पीकर हा पोलिश ज्यू किराणा दुकानदाराचा मुलगा, रुग्णालयात फायली लावण्याची नोकरी करता करता, 1976पासून ‘अमेरिकन स्प्लेंडर’मध्ये स्वतःच्या रोजच्या जगण्याच्या कथा लिहायला लागला होता. सुपरमॅनच्याच शहरात आता नायक होता रांगेत उभा राहणारा साधा माणूस, स्वतःच्या नावानिशी.

आणि मग ‘माउस’. आर्ट स्पीगलमन 1948 साली स्टॉकहोममध्ये जन्मला. आईवडील पोलंडचे, आउशविट्झमधून जिवंत सुटलेले. थोरला भाऊ युद्धात गेला, 1968 साली आईने आत्महत्या केली. वडील व्लाडेक यांना तो प्रश्न विचारत राहिला, बोलणं ध्वनिमुद्रित करत राहिला. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं अशी योजना त्याने केली. नाझी प्रचार ज्यूंना उंदीर म्हणायचा. ती शिवी त्याने उचलली आणि शिवी देणाऱ्यांचं खोटेपण दाखवण्यासाठी वापरली. पोलंडमध्ये लपतछपत हिंडणारा व्लाडेक पोलिश वाटावा म्हणून डुकराचा मुखवटा लावतो, आणि मुखवट्याची दोरी वाचकाला दिसते. दुसऱ्या भागाच्या एका पानावर लेखक स्वतः टेबलाशी बसलाय, चेहऱ्यावर उंदराचा मुखवटा, आणि टेबलाखाली मृतदेहांचा ढीग.

स्पीगलमनने बापाला संत केलं नाही, हे या पुस्तकाचं मोठेपण. व्लाडेक चिकट आहे, रस्त्यात पडलेली टेलिफोनची तार उचलून खिशात घालतो, अर्धं खाल्लेलं खाद्याचं खोकं दुकानात परत करतो. इतकं सोसलेला हा माणूस गाडीत घेतलेल्या काळ्या प्रवाशाविषयी वाईटसाईट बोलतो आणि सुनेला ते ऐकवत नाही. दुःखाने माणूस आपोआप मोठा होत नाही, हे इतक्या सरळपणे फार थोड्या लेखकांनी सांगितलंय.

पहिला भाग 1986 साली, दुसरा 1991 साली आला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो खपाच्या यादीत कादंबऱ्यांमध्ये घातला तेव्हा स्पीगलमनने पत्र लिहून हरकत घेतली आणि पुस्तक सत्यकथनाच्या यादीत गेलं. 1992 साली ‘माउस’ला खास पुलित्झर मिळालं. 2022 साली टेनेसी राज्यातल्या मॅकमिन परगण्याच्या शाळांनी ते अभ्यासक्रमातून काढलं आणि त्याची विक्री एकदम वाढली.

मागे काय उरलं

या साऱ्या वाटचालीतून जगाला काय मिळालं? दोन गोष्टी. पहिली म्हणजे दुहेरी आयुष्य जगणारा नायक. वर एक नाव, आत दुसरं, आणि दोन्ही सांभाळताना होणारी ओढाताण. आज जगातल्या कुठल्याही स्थलांतरिताच्या मुलाला स्पायडरमॅन किंवा एक्स-मेन आपले वाटतात ते यामुळे. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. आइस्नर-स्पीगलमननंतर घरातलं, लाजेचं, दुःखाचं जे काही असेल ते चित्रांच्या चौकटीत सांगता येतं, हे सिद्ध झालं. इराणमध्ये वाढलेली मार्जान सत्रापी ‘पर्सेपोलिस’ लिहू शकली, चिनी स्थलांतरितांचा मुलगा जीन ल्युएन यांग ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ लिहू शकला, व्हिएतनाममधून लहानपणी आलेली थी बुई आईवडिलांच्या पलायनाची गोष्ट सांगू शकली. ‘माउस’मुळे आपल्याला वाट दिसली, असं सत्रापीने स्वतः सांगितलंय.

हलक्या मानल्या गेलेल्या कलेत मोकळीक असते, कारण तिच्यावर मोठ्यांचं लक्ष नसतं. त्या मोकळिकीची किंमत मात्र चित्रकारांनी भरली, कधी नाव बदलून, कधी नाव गमावून. सीगल-शूस्टरना गेलेलं श्रेय परत मिळायला अठ्ठावीस वर्षं लागली, फिंगरला ते मिळायला शहात्तर. म्हणून कॉमिक उघडल्यावर पहिल्या पानावरची बारीक अक्षरातली नावं वाचायची सवय लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. त्यातलं प्रत्येक नाव कुणीतरी भांडून तिथे आणलेलं आहे.